स्टाफच्या लॉगिनमधून अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकून इन्स्टॉल केलं तर सॉफ्टवेअर नेमकं जातं कुठं?

कृष्णाकाठी

नमस्कार मंडळी. मामाचं टॅक्स कन्सल्टंटचं ऑफिस आहे कऱ्हाडात, सहा पीसी, सगळे विंडोज ११ प्रो, सुट्टीच्या दिवशी जाऊन मी ते बघतो, पगार म्हणजे मामीच्या हातचं जेवण. आधी जो माणूस बघायचा त्याने सगळ्या स्टाफला स्टँडर्ड युजर करून ठेवलंय आणि प्रत्येक मशीनवर एक वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट, ते मला पटलंय, तसंच ठेवायचंय. पण त्यातून जे घोळ होतात ते काही केल्या समजत नाहीयेत, म्हणून एकदमच विचारतो.

एक, स्टाफच्या लॉगिनमध्ये बसून सेटअप चालवला, विंडोजने पासवर्ड मागितला, अ‍ॅडमिनचा टाकला, "सक्सेसफुल" आलं, आणि नंतर त्या लॉगिनमध्ये ना आयकॉन ना स्टार्ट मेनूत नाव. अ‍ॅडमिनने लॉगिन केलं तर तिथे सगळं सजून बसलंय. हे सगळ्याच सॉफ्टवेअरचं होत नाही, काहींचंच होतं.

दोन, एक जुनं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर आहे (नाव लिहीत नाही, कंपनी केव्हाच बंद झाली), त्यात एकाच मशीनवर दोघींच्या लॉगिनला वेगवेगळ्या एन्ट्र्या दिसतात. एकीने टाकलेली व्हाउचर दुसरीला दिसत नाहीत, आणि राईट क्लिक करून रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं तर दोघींच्याही गायब, कुठला तरी मागच्या जन्मीचा डेटा उघडतो. मामा म्हणतो व्हायरस आहे.

तीन, काढायला गेलं की काही सॉफ्टवेअर १७३० नंबरचा एरर देतात की अ‍ॅडमिन असल्याशिवाय काढता येणार नाही. आणि काढलं तरी फोल्डर उरतात ते डिलीट होत नाहीत.

कुणी नीट सांगेल का.

ढगफुटी

यूएसी, म्हणजे ही पासवर्ड विचारणारी सोय, बंद करून टाक भावा, कंट्रोल पॅनेलमध्ये स्लायडर एकदम खाली. आणि सी ड्राईव्हला एव्हरीवन फुल कंट्रोल. आमच्या दुकानात सगळ्या मशीन अशाच आहेत, कधी त्रास नाही.

बॅचफाईल

ढगफुटी, आपण मित्र आहोत म्हणून सांगतो, तुमच्या दुकानात मी पेनड्राईव्ह लावणार नाही.

कृष्णाकाठी, सध्या कुठलंही परमिशन बदलू नका, विशेषतः दोन नंबरच्या प्रॉब्लेमला हात लावू नका, त्यात डेटा जाईल. रात्री सविस्तर लिहितो. तोवर एक काम करा, ते अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर चालू असताना टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅब, वरच्या हेडिंगवर राईट क्लिक करून कॉलम निवडायचा ऑप्शन येतो, त्यात "यूएसी व्हर्च्युअलायझेशन" आणि "एलेव्हेटेड" हे दोन कॉलम चालू करा आणि त्या प्रोग्रामसमोर काय दिसतं ते सांगा.

कृष्णाकाठी

मामाच्या इथल्या ताईंना फोनवर करायला लावलं. व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड, एलेव्हेटेड नो. बाकी बऱ्याच प्रोग्रामसमोर नॉट अलाउड नाहीतर डिसेबल्ड आहे.

बॅचफाईल

वाटलंच होतं. लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

आधी पहिला प्रश्न, कारण बाकीचे त्यातूनच निघतात. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, यूएसी आलं. तुम्ही स्वतः अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन केलं असेल तर विंडोज तुम्हाला दोन टोकन, म्हणजे हक्कांची ओळखपत्रं, देतं, एक साध्या माणसाचं आणि एक पूर्ण हक्कांचं, आणि रोजचं सगळं साध्या टोकनवर चालतं. सेटअप चालवला की स्क्रीन काळपट होऊन हो-नाही विचारतं, तुम्ही हो म्हटलं की तेवढा एक प्रोग्राम दुसऱ्या टोकनवर चालतो. पण माणूस तोच, प्रोफाईल तेच, डेस्कटॉप तोच. त्यामुळे घरच्या पीसीवर कुणाला काही जाणवत नाही.

स्टँडर्ड युजरचं वेगळं आहे. त्याच्याकडे दुसरं टोकनच नसतं. म्हणून विंडोज दुसऱ्या माणसाचं नाव आणि पासवर्ड मागतं, आणि तुम्ही ऑफिसच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला की तो सेटअप त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालतो. स्क्रीन ताईंची, खुर्ची ताईंची, पण सेटअपच्या दृष्टीने मशीनसमोर अ‍ॅडमिन बसलाय. आता हा सेटअप जर प्रोग्राम फाइल्समध्ये फाईली टाकणारा आणि रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगची वही) सगळ्या मशीनसाठीच्या भागात, म्हणजे एचकेएलएममध्ये, नोंद करणारा असेल तर प्रश्नच नाही, सगळ्यांना दिसेल. पण तो "सध्याच्या युजरसाठी" इन्स्टॉल होणारा असेल तर सध्याचा युजर कोण? अ‍ॅडमिन. प्रत्येक युजरचं स्वतःचं एक लपलेलं अ‍ॅपडेटा फोल्डर असतं, सगळं गेलं अ‍ॅडमिनच्या अ‍ॅपडेटामध्ये, आयकॉन अ‍ॅडमिनच्या डेस्कटॉपवर, रजिस्ट्रीची नोंद अ‍ॅडमिनच्या एचकेसीयूमध्ये, म्हणजे रजिस्ट्रीतल्या त्याच्या एकट्याच्या भागात. ताईंना कसं दिसणार.

तुम्ही म्हणालात काहींचंच होतं, ते याच्यामुळे. त्यामुळे सेटअप चालवायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, हा एका माणसासाठी बसणार आहे की मशीनसाठी. मशीनसाठी असेल तर कुठूनही पासवर्ड टाकून चालवा. एका माणसासाठी असेल तर त्या माणसाच्या लॉगिनमधून पासवर्ड न टाकता चालवा, बहुतेक वेळा लागतच नाही. क्रोमचं बघा, इन्स्टॉल करताना पासवर्डच्या खिडकीला नाही म्हटलं तरी ते बसतं, फक्त प्रोग्राम फाइल्सऐवजी त्या युजरच्या अ‍ॅपडेटामध्ये. फायरफॉक्सही तसंच करतं. व्हीएस कोडचे तर दोन वेगळे सेटअपच मिळतात, युजर आणि सिस्टिम. सेटअपमध्ये "फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी" असं विचारलं तर ऑफिसात डोळे झाकून सगळ्यांसाठी. विंगेट (विंडोजचं कमांडवरून सॉफ्टवेअर टाकायचं साधन) वापरत असाल तर स्कोप म्हणून ऑप्शन असतो, त्यात युजर की मशीन हे सांगता येतं.

एक विचित्र गोष्ट जाता जाता, जुन्या बत्तीस बिट सेटअपमध्ये आपल्याला कुठले हक्क लागतात हे विंडोजला सांगणारा मॅनिफेस्ट नसेल तर विंडोज फाईलच्या नावावरून पण अंदाज बांधतं. नावात सेटअप, इन्स्टॉल, अपडेट असं काही असलं की पासवर्ड मागतं. म्हणून कधी कधी साधी युटिलिटी पण नावात अपडेट आहे म्हणून अ‍ॅडमिन मागत बसते. चौसष्ट बिटला हे लागू नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उद्या. झोप येतेय.

लॅबवाल्या_बाई

बॅचफाईल सर, मध्येच विचारते. म्हापशाला शाळेत लॅब बघते. मुलांना स्टँडर्ड अकाउंट दिलंय तरी ती गेम आणि कसले कसले ब्राउझर इन्स्टॉल करतात, पासवर्ड माहीत नसताना. ते हेच का? आणि मी अ‍ॅडमिनने लॉगिन करून काढायला गेले तर अ‍ॅप्सच्या यादीत ते दिसतच नाहीत.

बॅचफाईल

हेच बाई. अ‍ॅपडेटा हे मुलाचं स्वतःचं फोल्डर आहे, तिथे लिहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही, आणि एक्झी फाईल चालवायला पण नाही. स्टँडर्ड अकाउंट म्हणजे काही इन्स्टॉल करता येत नाही असं नसतं, मशीनवर आणि दुसऱ्याच्या अकाउंटवर परिणाम होईल असं काही करता येत नाही, एवढंच.

यादीत दिसत नाही कारण ती यादी मशीनच्या नोंदी अधिक तुमच्या स्वतःच्या नोंदी एवढंच दाखवते. मुलाची नोंद मुलाच्या रजिस्ट्रीत. त्याच्या लॉगिनमधून काढायचं, नाहीतर मुलांची अकाउंट वर्षअखेरीला प्रोफाईलसकट उडवून नवी करायची, लॅबमध्ये मला हेच सोपं वाटतं.

कायमचं थांबवायचं तर कुठला प्रोग्राम चालेल ते ठरवणारी विंडोजची सोय, अ‍ॅपलॉकर. पूर्वी ते एंटरप्राइझ आणि एज्युकेशन एडिशनलाच चालायचं, आता विंडोज ११ प्रोवर पण चालतं. त्याचे डीफॉल्ट नियम घेतले की विंडोज फोल्डर आणि प्रोग्राम फाइल्समधलं चालतं, बाकी कुठलं एक्झी साध्या युजरला चालत नाही, म्हणजे अ‍ॅपडेटातलं, डाउनलोड्समधलं, पेनड्राईव्हवरचं सगळं बंद. अ‍ॅप्लिकेशन आयडेंटिटी नावाची सर्व्हिस (मागे आपोआप चालणारा प्रोग्राम) चालू असावी लागते नाहीतर नियम नुसते कागदावर. आधी ऑडिट मोडमध्ये आठवडाभर ठेवा, काय काय अडलं असतं ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसतं. नाहीतर पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांचं मीटिंगचं अ‍ॅप अडेल, कारण ते पण अ‍ॅपडेटात बसलेलं असतं.

लॅबवाल्या_बाई

मुख्याध्यापकांचं अडलं तर मला चालेल 😄 थँक्यू.

डीटीपी_दादा

इथेच माझं पण घ्या. नाशिकला लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे करतो. मराठी फाँट राईट क्लिक करून इन्स्टॉल केला, वर्डमध्ये दिसतो, डिझाईनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, पोराच्या लॉगिनमध्ये पण नाही. विंडोज ७ ला असलं काही नव्हतं.

बॅचफाईल

दादा, २०१८ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या व्हर्जनपासून फाँट साध्या युजरलाही अ‍ॅडमिनशिवाय टाकता येतो, पण मग तो त्याच्या एकट्याच्या अ‍ॅपडेटामध्ये जातो. विंडोज ७ मध्ये फाँट टाकायला अ‍ॅडमिन लागायचाच आणि तो थेट विंडोजच्या फाँट्स फोल्डरमध्ये जायचा. जुनी सॉफ्टवेअर अजून तेच फोल्डर बघतात. फाँट काढून टाका आणि राईट क्लिकमध्ये "सर्व वापरकर्त्यांसाठी" असा वेगळा ऑप्शन असतो त्याने परत टाका, तेव्हा पासवर्ड मागेल. विंडोज ११ मध्ये तो ऑप्शन "शो मोअर ऑप्शन्स"च्या आत लपलेला असतो कधीकधी.

डीटीपी_दादा

झालं!! जियो. गेले कित्येक महिने प्रत्येक लॉगिनला फाँट टाकत बसलोय.

बॅचफाईल

आता कृष्णाकाठींचा दोन नंबर. मामांना सांगा व्हायरस नाही.

एक्सपीच्या काळात बहुतेक सगळे अ‍ॅडमिन म्हणूनच बसायचे, त्यामुळे तेव्हाच्या सॉफ्टवेअरवाल्यांना सवय होती की डेटा फाईल पण प्रोग्राम फाइल्समध्ये एक्झीच्या शेजारीच ठेवायची. प्रोग्राम फाइल्स साध्या युजरला फक्त वाचायला असतं, आणि व्हिस्टापासून अ‍ॅडमिनचंही रोजचं काम साध्या टोकनवर आलं. मग ही जुनी सॉफ्टवेअर सगळी मोडली असती, म्हणून मायक्रोसॉफ्टने पळवाट काढली. मॅनिफेस्ट नसलेला जुना बत्तीस बिट प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला गेला की विंडोज त्याला अडवत नाही, गुपचूप त्या फाईलची कॉपी युजरच्या अ‍ॅपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये करतं आणि तिथे लिहितं. प्रोग्रामला वाटतं आपण प्रोग्राम फाइल्समध्येच लिहिलं. परत वाचताना आधी व्हर्च्युअलस्टोअरमधली कॉपी बघितली जाते, ती नसेल तरच मूळची.

म्हणजे पहिल्या ताईंनी पहिल्यांदा व्हाउचर टाकलं त्या क्षणी त्यांची डेटा फाईल मूळच्या फाईलपासून फुटून वेगळी झाली. दुसऱ्या ताईंची त्यांच्या वेळी. दोघी आपापल्या कॉपीत इमानेइतबारे काम करतायत. आणि रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर केलं की ही सोय बंद होते, मूळची फाईल उघडते, तो तुमचा मागच्या जन्मीचा डेटा. इन्स्टॉल केल्यानंतर कुणी अ‍ॅडमिन म्हणून शेवटचं वापरलं तिथे तो थांबलेला असणार.

आता हे का म्हटलं की हात लावू नका. ढगफुटींच्या सल्ल्याच्याही पुढे जाऊन यूएसी रजिस्ट्रीतून पूर्ण बंद केलं तर व्हर्च्युअलायझेशन पण बंद, दोघींचा डेटा एकदम "गायब". असतो तिथेच, पण घाबरून कुणीतरी रीइन्स्टॉल करतं. अनइन्स्टॉल केलं तर अनइन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्स साफ करतो, त्याला व्हर्च्युअलस्टोअर माहीतच नाही, ते राहतं. परत इन्स्टॉल केलं की तीच जुनी फुटलेली कॉपी पुन्हा उघडते आणि लोक म्हणतात अनइन्स्टॉल केलं तरी जुना डेटा आला कसा.

काय करायचं ते: सगळ्यांनी प्रोग्राम बंद करायचा. प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर आणि मूळचं फोल्डर, सगळ्यांची कॉपी बाहेरच्या डिस्कवर, फोल्डरला नाव देऊन. फाईलची तारीख बघून कुठली जास्त पुढची आहे ते ठरवा. दोन्हींमध्ये वेगवेगळ्या एन्ट्र्या असतील तर त्या हाताने एकत्र कराव्या लागतील, विंडोजकडे त्याला उपाय नाही. मग डेटाची जागा प्रोग्राम फाइल्समधून बाहेर काढा. सॉफ्टवेअरमध्ये डेटा पाथ बदलायची सेटिंग असेल तर उत्तम. नवीन जागेवर कॉपी टाकली, दोघींना तीच दिसतेय याची खात्री झाली की व्हर्च्युअलस्टोअरमधल्या जुन्या फाईली हलवून टाका, नाहीतर पाथ चुकून परत मागे गेला तर पुन्हा तीच कटकट.

घाटमाथा

प्रोग्रामडेटामध्ये ठेवला डेटा तर? ते फोल्डर सगळ्यांसाठीच असतं ना.

बॅचफाईल

असतं, पण अर्धंच. प्रोग्रामडेटात साधा युजर नवीन फाईल बनवू शकतो, पण दुसऱ्याने बनवलेली बदलू शकत नाही. म्हणजे पहिल्या ताईंनी बनवलेल्या फाईलवर दुसऱ्या ताईंना रीड ओन्ली. त्यामुळे आत स्वतंत्र फोल्डर बनवून त्याच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, तिथे "युजर्स" ग्रुपला मॉडिफाय द्यायचं. फुल कंट्रोल नाही, मॉडिफाय पुरतं. फुल कंट्रोल दिलं की तो युजर परमिशनच बदलू शकतो. आणि एकेका माणसाचं नाव घालू नका, ग्रुप घाला. माणूस नोकरी सोडून गेला, अकाउंट डिलीट केलं की त्याच्या जागी एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा उरतो, "अकाउंट अननोन" म्हणून, आणि पुढच्याला कळत नाही हे काय. "युजर्स" ग्रुपचा आकडा प्रत्येक विंडोजवर तोच असतो, त्यामुळे विंडोज नवीन टाकलं तरी डी ड्राईव्हवरच्या फोल्डरची परमिशन चालू राहते.

ढगफुटी

आम्ही असली जुनी सॉफ्टवेअर थेट सी ड्राईव्हवर फोल्डर करून टाकतो, प्रोग्राम फाइल्समध्ये नाहीच. मग कसली परमिशन लागत नाही. हे तरी बरोबर ना?

बॅचफाईल

चालतं का तर चालतं. सी च्या मुळाशी बनवलेल्या फोल्डरला लॉगिन केलेल्या प्रत्येकाला मॉडिफाय आपोआप मिळतं, म्हणून चालतं. पण मग नुसता डेटा नाही, एक्झी पण कुणीही बदलू शकतो. आणि त्या सॉफ्टवेअरने स्वतःची सर्व्हिस बसवली असेल, जी सिस्टिमच्या हक्काने चालते, तर साध्या युजरने किंवा त्याच्या लॉगिनमध्ये शिरलेल्या व्हायरसने ती एक्झी बदलली की पुढच्या रीस्टार्टला अख्खं मशीन त्याचं. सी ड्राईव्हला एव्हरीवन फुल कंट्रोल देणं म्हणजे हेच, पण घाऊक भावात. ऑफिसच्या दाराला कुलूप लावून चावी पायपुसण्याखाली ठेवणारे असतात, हे त्याच्या पुढचं, दारच काढून ठेवलंय. डेटा आणि प्रोग्राम वेगळे ठेवता येत असतील तर वेगळेच ठेवा, जिथे सॉफ्टवेअर हट्टच धरतं तिथे फक्त त्या डेटा फाईलींना मॉडिफाय द्या, फोल्डरला नाही.

ढगफुटी

बरं बरं. मास्तर भेटले. एव्हरीवन काढायचं कसं ते पण सांगा मग, परत सगळं नीट होतं का.

बॅचफाईल

प्रोग्राम फाइल्सच्या आतल्या एखाद्या फोल्डरपुरतं असेल तर आयकॅकल्स कमांडला रीसेट म्हणून स्विच आहे, तो वरच्या फोल्डरकडून येणाऱ्या परमिशन परत लावतो. पूर्ण सी ड्राईव्हवर तो चालवायचा नाही, विंडोजच्या फाईलींची मालकी ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाच्या विंडोजच्या स्वतःच्या खात्याकडे असते आणि त्यांच्या परमिशन फोल्डरगणिक वेगळ्या असतात, रीसेटने त्या सगळ्या एकसारख्या होऊन बसतील. तुमच्या त्या मशीन मी विचाराल तर बॅकअप घेऊन नव्याने विंडोज टाकावं अशा झाल्यात. विंडोज १० असेल तर तसंही ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपलाय.

रेषा_आणि_कोन

आर्किटेक्टच्या ऑफिसात आहे, ठाणे. मागे एक अपडेट आल्यापासून स्टाफने ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागायला लागलं. इन्स्टॉल कधीचंच झालंय, नवीन काही टाकत नाहीये, नुसतं उघडतोय. आमच्या साहेबांनी वैतागून सगळ्यांना अ‍ॅडमिन केलं.

बॅचफाईल

ऑगस्ट २०२५ चं सिक्युरिटी अपडेट. काही सॉफ्टवेअर नवीन युजरने पहिल्यांदा उघडलं की मागे एमएसआय (विंडोज इन्स्टॉलरची सेटअप फाईल) रिपेअर चालवतात, त्या युजरच्या बाकीच्या फाईली आणि सेटिंग बसवायला. पूर्वी ते निमूटपणे व्हायचं. विंडोज इन्स्टॉलरमध्ये एक भोक सापडलं ज्यातून साध्या युजरला जास्त हक्क मिळवता येत होते, ते बुजवताना रिपेअरला पण अ‍ॅडमिन लागायला लागला. नंतर सप्टेंबरच्या अपडेटमध्ये त्याची व्याप्ती कमी केली आणि ठराविक सॉफ्टवेअरला सूट द्यायची सोय पण ठेवली. विंडोज पूर्ण अपडेट करा आणि साहेबांना सांगा सगळ्यांचं अ‍ॅडमिन काढायला. तोही एकदम काढू नका, आधी एक वेगळं अ‍ॅडमिन अकाउंट बनवून त्याने एकदा लॉगिन करून बघा. मशीनवरचा शेवटचा अ‍ॅडमिन स्टँडर्ड झाला तर पासवर्डच्या खिडकीत नाव टाकायलाच जागा येत नाही, "येस" बटण फिकं होऊन बसतं आणि मग रिकव्हरीत जाऊन उस्तवार करावी लागते.

रेषा_आणि_कोन

अपडेट केलं, आता मागत नाही. साहेबांना मात्र तुम्हीच सांगा 🙏

श्टुटगार्टचा_पक्या

इकडे कंपनीत हेच काम करतो म्हणून एक भर. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर प्रोटेक्शन नावाचं नवीन प्रकरण मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलंय. त्यात तुम्ही स्वतः अ‍ॅडमिन असलात तरी सेटअपला हो म्हटलं की तो तुमच्या प्रोफाईलमध्ये नाही, विंडोजने मागे ठेवलेल्या एका लपलेल्या अ‍ॅडमिन अकाउंटच्या प्रोफाईलमध्ये चालतो. म्हणजे कृष्णाकाठींचा पहिला प्रॉब्लेम घरोघरी येणार. जे सेटअप अ‍ॅडमिन मागून एचकेसीयूमध्ये लिहितात त्यांना आता सुधारावंच लागेल.

आणि सहाही मशीनवर अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच आहे का हो?

कृष्णाकाठी

...हो. आधीच्या माणसाने तसाच ठेवलाय.

श्टुटगार्टचा_पक्या

तो बदला पहिला. एकावर फुटला की सहाही गेले. मोठ्या कंपनीत यासाठी लॅप्स (प्रत्येक मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड आपोआप वेगळा ठेवणारी सोय) असतं, २०२३ पासून विंडोजमध्येच येतं, पण त्याला मागे डोमेन किंवा मायक्रोसॉफ्टचं एंट्रा, म्हणजे स्टाफची खाती एका जागी सांभाळणारी यंत्रणा, लागतं. तुम्हाला सहाच मशीन आहेत, वेगवेगळे पासवर्ड करून पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका.

कृष्णाकाठी

करतो. बॅचफाईल, तीन नंबर राहिला. शिवाय अजून एक निघालं. सेटअप आम्ही सर्व्हरवर झेड ड्राईव्हला ठेवतो, तिथून डबल क्लिक केलं, पासवर्ड टाकला की म्हणतं पाथ सापडत नाही. आत्ता तर दिसत होता!

बॅचफाईल

झेड ड्राईव्ह ताईंच्या लॉगिनला जोडलाय, अ‍ॅडमिनच्या नाही. सेटअप अ‍ॅडमिन झाला की त्याच्यासाठी झेड नाहीच. स्वतः अ‍ॅडमिन म्हणून बसलेल्याला पण हे होतं कारण दोन टोकनांचे ड्राईव्ह वेगवेगळे मोजले जातात. सेटअप लोकल डिस्कवर कॉपी करून चालवा, नाहीतर दोन बॅकस्लॅश आणि सर्व्हरचं नाव असा पूर्ण पत्ता द्या, मग अ‍ॅडमिनला त्या शेअरचे हक्क हवेत एवढंच.

आता काढण्याबद्दल. १७३० हा विंडोज इन्स्टॉलरचा, म्हणजे एमएसआयचा एरर आहे, मशीनसाठी बसलेलं सॉफ्टवेअर साध्या युजरने काढायला घेतलं की येतो. एमएसआय फाईलवर राईट क्लिक केलं तर रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर मिळत नाही, म्हणून कमांड प्रॉम्प्टच अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा आणि त्यात एमएसआयएक्झेक, स्लॅश एक्स, मग एमएसआय फाईलचा पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत. टाकायचं असेल तर एक्सच्या जागी आय. एमएसआय नसेल, साधी एक्झी असेल तर अ‍ॅडमिनने लॉगिन करून अ‍ॅप्सच्या यादीतून काढा. माझं मत विचाराल तर काढताना नेहमी ज्याच्या नावाने बसलं त्याच्याच लॉगिनमध्ये जाऊन काढावं. तुमच्या पहिल्या प्रकारात अ‍ॅडमिनच्या अ‍ॅपडेटात जे बसलंय ते ताईंच्या लॉगिनमधून शोधत बसू नका, अ‍ॅडमिनने लॉगिन करा, तिथे यादीत दिसेल, काढा, मग नीट सगळ्यांसाठी टाका.

२५०२ किंवा २५०३ आला तर बहुतेक वेळा विंडोजच्या टेम्प फोल्डरची परमिशन कुणीतरी बिघडवलेली असते, तेही अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून चालवलं की निघून जातं.

फोल्डर उरण्याची कारणं दोन-तीन असतात. अनइन्स्टॉलर सहसा फक्त त्याने टाकलेल्या फाईली काढतो, नंतर प्रोग्रामने स्वतः बनवलेल्या ठेवतो, ते एका अर्थी बरं, नाहीतर डेटा पण गेला असता. दुसऱ्या युजरच्या अ‍ॅपडेटातलं आणि रजिस्ट्रीतलं तर तो काढूच शकत नाही बहुधा, कारण जो लॉगिन नाही त्याची रजिस्ट्री तेव्हा उघडलेलीच नसते, ती एनटीयूजर डॅट नावाच्या फाईलमध्ये मिटून पडलेली असते. आणि डिलीट होत नाही कारण पुष्कळदा परमिशन नाही तर सर्व्हिस अजून चालू आहे किंवा राईट क्लिकच्या मेनूत घुसलेली डीएलएल (प्रोग्रामची मदतनीस फाईल) एक्सप्लोररने धरून ठेवलीय. रीस्टार्ट करून बघा आधी. लोक थेट मालकी घ्यायला धावतात.

आणि हो, "परवानगी नाही, कंटिन्यू करा" अशी खिडकी आली की लोक बिनधास्त कंटिन्यू दाबतात. फोल्डर उघडताना ते दाबलं की तुमचं नाव त्या फोल्डरच्या परमिशनमध्ये कायमचं लिहिलं जातं. दुसऱ्याच्या प्रोफाईलमध्ये नुसतं डोकवायला गेलात तरी. व्हर्च्युअलस्टोअर बघायला जाल तेव्हा हे होणार, त्यापेक्षा त्या त्या ताईंच्या लॉगिनमधूनच कॉपी घ्या.

शेवटचं, डिस्क भरली म्हणून विंडोजमधलं इन्स्टॉलर नावाचं लपलेलं फोल्डर कुणी साफ करू नका. त्यात बसलेल्या प्रत्येक एमएसआयची कॉपी असते, ती गेली की पुढे ते सॉफ्टवेअर ना अपडेट होत ना निघत.

घाटमाथा

अडकलेलं काढायला मायक्रोसॉफ्टचाच एक इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर मिळतो, फुकट. नोंदी खराब झाल्या असतील तर त्याने निघतं. ते रजिस्ट्री क्लीनर वगैरे नका वापरू.

बॅचफाईल

+१

कृष्णाकाठी

अपडेट देतो. आधी पासवर्ड बदलले सहाही. पहिल्या प्रकारातली सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनमधून काढून सगळ्यांसाठी टाकली, दिसतायत. १७३० वालं कमांड प्रॉम्प्टमधून निघालं.

अकाउंटिंगचं बॅचफाईल म्हणाले तंतोतंत तसंच. दोघींच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये वेगवेगळ्या डेटा फाईली, आणि त्याशिवाय एक तिसरी, नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या प्रोफाईलमध्ये, ते अकाउंट कुणी डिलीट केलं नव्हतं हे नशीब. त्यात मामाच्या एका क्लायंटच्या अशा एन्ट्र्या आहेत ज्या ताईंनी सापडत नाहीत म्हणून परत बसून टाकल्या होत्या. सगळ्यांच्या कॉपी घेतल्या. डेटा पाथची सेटिंग सापडली, डी ड्राईव्हवर फोल्डर करून युजर्सना मॉडिफाय दिलं, जुन्या फाईली व्हर्च्युअलस्टोअरमधून हलवल्या, आता दोघींना एकच दिसतंय, टास्क मॅनेजरमध्ये व्हर्च्युअलायझेशन अजून एनेबल्डच दाखवतं, ते ठीक ना?

बॅचफाईल

ठीक. ते प्रोग्रामला लागू आहे एवढंच सांगतं, वापरलं जातंय असं नाही. दोन दिवसांनी दोघींचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून बघा, त्या सॉफ्टवेअरच्या नावाने नवीन फाईल दिसली तर प्रोग्राम अजून काहीतरी जुन्या जागी लिहितोय, बहुधा सेटिंगची आयएनआय फाईल असेल. तेवढी प्रत्येकीची वेगळी राहिली तर काही बिघडत नाही, पण डेटाचा पाथ त्याच आयएनआयमध्ये असेल तर मात्र दोघींच्या फाईलमध्ये तोच पाथ आहे ना ते तपासा.

कृष्णाकाठी

आयएनआयच आहे. दोघींचे पाथ बघितले, सारखे आहेत. तिसऱ्या फाईलमधल्या एन्ट्र्या मामा आता छापील लेजर घेऊन स्वतः जुळवत बसलाय, आणि अजूनही म्हणतोय व्हायरसच होता.